प्रबंधाचं दुसरं प्रकरण: वर्ड ऐकत नाही आणि मॅडमही

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. दोन रडगाणी एकाच धाग्यात गाते, कारण माझ्या टेबलावर ती एकमेकांत गुंतूनच पडली आहेत.

मी शाळेत इतिहास शिकवते, वय त्रेचाळीस, नोकरी सांभाळून पीएच.डी. चालू आहे. विषय आहे पानशेत धरण फुटून आलेल्या पुरानंतर पुण्यात उभ्या राहिलेल्या वसाहती. घरातलाच विषय म्हणा ना. १२ जुलै १९६१ ला आई नऊ वर्षांची होती, नारायण पेठेत. वाडा गेला, आणि पुढे तिचं माहेर म्हणजे गोखलेनगर झालं. 'पाणी आलं तेव्हा चुलीवर आमटी होती' हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की त्या आमटीचा वास मला येतो.

तर रडगाणं पहिलं, वर्ड. दुसरं प्रकरण अडुसष्ट पानांचं झालंय. त्यातली पहिली तीस पानं मी एका टायपिंगच्या दुकानात दिली होती, कारण माझा वेग म्हणजे दिवसाला एक पान. पेनड्राइव्ह घरी आणून फाइल उघडली तर मराठी गायब, नुसती इंग्रजी अक्षरांची मिसळ. दुकानदार म्हणाले, 'आमचा फॉन्ट टाका, दिसेल.' टाकला, दिसलं. गाइड मॅडमना मेल केलं, तर त्यांच्याकडे पुन्हा मिसळ! उरलेली अडतीस पानं मी फोनवर बोलून बोलून लिहिली आणि तिथून उचलून वर्डमध्ये आणली. ती दिसतात सगळीकडे, पण प्रत्येक परिच्छेदाचा आकार वेगळा. काही ठिकाणी मागे करडा पट्टासुद्धा येतो, तो कुठून आला देव जाणे.

अनुक्रमणिका मी हाताने केली आहे, टिंबं देऊन. मॅडमनी एक परिच्छेद काढायला सांगितला की पुढचे सगळे आकडे खोटे पडतात. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे हवेत आणि प्रकरणांना १ पासून. एक बदललं की दुसरं आपोआप बदलतं. आणि 'पुनर्वसन' हा शब्द शोधला तर वर्ड सांगतो सतरा वेळा. अहो, पुनर्वसनावरच प्रबंध आहे, पहिल्या चार पानांतच सतरा वेळा असेल!

रडगाणं दुसरं. हे प्रकरण म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा. एक्केचाळीस नोंदी वाचल्या. पुस्तकं, लेख, दोन प्रबंध, पुराच्या चौकशी आयोगाचा अहवाल, जुन्या 'केसरी'तली कात्रणं. सालवारीने लावल्या आणि प्रत्येकीला एक परिच्छेद दिला. मॅडमनी पहिल्या पानावर तांबड्या पेनाने लिहिलं, 'ही यादी झाली. आढावा कुठे आहे?' आणि वही परत. मी विचारलं तर म्हणाल्या, विचार करा.

विचार करून झाला. आता तुम्ही सांगा. दिवाळीनंतर प्रकरण द्यायचं आहे.

शनिपारचा_बाक

मुठाकाठ, हे सगळं एकाच पेनड्राइव्हवर असेल तर आधी उठा, दुसरी प्रत करा, आणि मग पुढचे प्रतिसाद वाचा. मला आढाव्यातलं काही कळत नाही. पेनड्राइव्हमधलं कळतं, कारण माझा एकदा पीएमटीत राहिला होता. (हो, तेव्हा पीएमटीच होती.)

जुळारी

मुठाकाठताई, माझे वडील शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते, खिळे जुळवायचे. मी त्याच धंद्याचं पुढचं शेपूट. बावीस वर्षं अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात प्रबंधांची अक्षरजुळणी करते आहे. तुमच्यासारखी फाइल महिन्याला दोन तरी येतात, तेव्हा लाजू नका. आढाव्याचं कुणी जाणकार सांगेल, मी वर्डचं सांगते. जरा लांबेल.

पहिल्या तीस पानांचा आधी निकाल लावा. ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टात आहेत. त्या फॉन्टांत मराठी अक्षर नसतंच. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. ज्याच्याकडे मुखवटा नाही त्याला खालचा चेहरा दिसतो. म्हणून तुमच्या मॅडमना मिसळ दिसली, आणि म्हणूनच 'पुनर्वसन' सतरा वेळा सापडलं. ते सतरा शेवटच्या अडतीस पानांतले आहेत. पहिल्या तीस पानांत वर्डला मराठी शब्दच दिसत नाही, तो बिचारा शोधणार काय? युनिकोड या आताच्या सर्वमान्य पद्धतीत 'क' ला 'क' म्हणूनच क्रमांक असतो, फॉन्ट कोणताही लावा.

दुकानदाराला फॉन्टचं नेमकं नाव विचारा, त्या नावाचा युनिकोड परिवर्तक नेटवर फुकट मिळतो. पण बदललेली पानं डोळे मिटून घेऊ नका. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. त्यामुळे घोळ होतो तो नेमका याच दोन जागी. 'स्थिती', 'मूर्ती', 'आर्थिक' असे शब्द मुद्दाम तपासा. 'आर्थिक'मध्ये दोन्ही आहेत, तो बरोबर आला तर निम्मी चिंता मिटली.

मग 'दुसऱ्या'चं दुखणं. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या फाइलीत ते नक्की असणार, कारण ती दोन ठिकाणांहून शिवलेली आहे. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' असतो, त्याला हलन्त आणि मग 'य'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि 'य'. पडद्यावर, कागदावर, कुठेही फरक दिसत नाही. शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा सुटतो. मागे एका सरांच्या शब्दसूचीत 'शेतकऱ्यांचे' दोनदा आलं होतं, वेगवेगळ्या पानक्रमांकांसह. ते मला म्हणाले, 'तुम्ही दोनदा टाइप केलंत.' मी नव्हतं केलं! फाइंड-रिप्लेसमध्ये एक रूप मजकुरातूनच उचलून वर टाका, दुसरं खाली, आणि एकेक बघत बदला. 'रिप्लेस ऑल'ला हात लावू नका. ते न दिसणारं चिन्ह शोधात धरलं गेलं नाही, तर तुमच्या 'कार्य'चं 'काऱ्य' होऊन बसेल आणि परीक्षक हसतील.

करडा पट्टा फोनमधून आला. पेस्ट करताना उजवं बटण दाबून 'कीप टेक्स्ट ओन्ली' घ्यायचं, म्हणजे नुसता मजकूर येतो, त्याचे कपडे येत नाहीत. आधीच आलेल्यासाठी मजकूर निवडून कंट्रोल-स्पेस. एवढ्याने अक्षरांवरचं हाताने केलेलं सगळं निघतं. पट्टा तरी राहिलाच तर तो परिच्छेदाला चिकटलेला आहे, कंट्रोल-क्यू दाबा. ठळक-तिरकंही जाईल, तेव्हा हे सगळ्यात आधी करा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही मथळे हाताने मोठे आणि ठळक केले असणार. तुमच्या डोळ्याला तो मथळा आहे, वर्डला तो फक्त जाड अक्षरांचा परिच्छेद आहे. होम टॅबवर 'स्टाइल्स'चा डबा आहे. प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून 'हेडिंग १', पोटमथळ्यावर 'हेडिंग २'. ते निळं, भलत्याच आकाराचं दिसेल. घाबरू नका. त्या हेडिंगवर उजवं बटण दाबून 'मॉडिफाय', मग 'फॉरमॅट', मग 'फॉन्ट'. इथे नव्वद टक्के लोक फसतात. त्या खिडकीत दोन वेगळे भाग असतात, वरचा लॅटिनसाठी आणि दुसरा 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी. देवनागरी दुसऱ्यात मोडते. वर अठरा केलंत तरी मराठी ढिम्म हलत नाही, आणि माणूस म्हणतो वर्ड बिघडला. फॉन्ट आणि आकार कॉम्प्लेक्सच्या खणात भरा. तो खणच दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांच्या यादीत मराठी जोडलेली नाही, ती जोडा. लिब्रे ऑफिस वापरत असाल तर तिथेही हीच भानगड आहे, नाव थोडं वेगळं.

एकदा मथळ्यांना स्टाइल लागली की 'रेफरन्सेस'मधून 'टेबल ऑफ कंटेंट्स'. अनुक्रमणिका तयार. मॅडमनी परिच्छेद काढला? अनुक्रमणिकेवर क्लिक, एफ ९, 'अपडेट एंटायर टेबल'. टिंबं देत बसायचा जमाना वडिलांचा होता. तेसुद्धा टिंबं एकेक लावत नसत, टिंबांच्या पट्ट्या असायच्या.

रोमन आकड्यांचं सोपं आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही. पहिल्या प्रकरणाच्या आधी 'लेआउट'मधून 'ब्रेक्स' आणि 'सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज'. साधा पेज ब्रेक नव्हे. मग प्रकरणाच्या पानाच्या तळाशी दोनदा क्लिक करा आणि वर 'लिंक टू प्रीव्हियस' दिसेल ते बंद करा. तुमचं अडतंय ते इथेच. दोन्ही भागांची नाळ तुटलेली नाही, म्हणून एकाचं बदललं की दुसऱ्याचं बदलतं. नाळ तोडली की मग 'फॉरमॅट पेज नंबर्स'मध्ये 'स्टार्ट ॲट १'.

आणि कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून फाइलीकडे एकदा बघा. प्रत्येक स्पेस टिंबासारखी दिसेल, प्रत्येक एंटरला खूण दिसेल. पुढच्या पानावर जायला ओळीने एकोणीस एंटर मारलेली फाइल मी पाहिली आहे. त्याऐवजी कंट्रोल-एंटर. हे चिन्हांचं दर्शन दोन मिनिटं नकोसं वाटतं, पण कुठे काय कोंबलंय ते सगळं उघडं पडतं.

लाल नागमोडी रेघा छळत असतील तर सगळा मजकूर निवडून 'रिव्ह्यू'मधून भाषा मराठी करा. झालं माझं. दुकान उघडायची वेळ झाली.

मुठाकाठ

जुळारीताई, साष्टांग नमस्कार! कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं आणि स्वतःचीच लाज वाटली. कोष्टकासारखं दिसावं म्हणून मी स्पेसबारने आकडे सरकवले होते, एका ओळीत चाळीस टिंबं. 'आर्थिक' आठ ठिकाणी मोडलेला निघाला. बाकी जमतंय.

बाक काका, प्रत केली. दोन केल्या.

दुसऱ्या रडगाण्याला कुणी आहे का?

कार्डकपाट

आहे. उशीर झाला, कारण चष्मा दुरुस्तीला दिला होता.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली, त्यातली निम्मी लाकडी कार्डकपाटांसमोर. 'मला आढावा लिहायचा आहे, पुस्तकं द्या' म्हणणारे शेकड्यांनी पाहिले. मुठाकाठ, तुमच्या मॅडम बरोबर आहेत, पण 'विचार करा' एवढंच सांगणं हा मार्गदर्शकांचा जुना रोग आहे.

आधी एक साफसफाई. 'केसरी'ची कात्रणं आणि आयोगाचा अहवाल या प्रकरणातून उचला. ती तुमची साधनं आहेत. आढावा म्हणजे तुमच्या प्रश्नावर आधी कुणी संशोधन केलं, कसं केलं आणि कुठपर्यंत आणून सोडलं, याचा हिशेब. १९६१ मधली बातमी हे संशोधन नव्हे, संशोधनाचा कच्चा माल. ती पुढच्या प्रकरणांत लागेलच. तुमचे एक्केचाळीस त्यामुळे तीसच्या आसपास येतील. येऊ द्या.

मग एक प्रयोग करा. जुळारीबाईंच्या कृपेने आता तुमची फाइल शोधता येते. त्यात 'यांनी' हा शब्द शोधा. किती परिच्छेद 'अमुक यांनी' असे सुरू होतात ते मोजा. जिथे परिच्छेदाचा कर्ता माणूस आहे तिथे यादी आहे. कर्ता मुद्दा असला पाहिजे. माणसं त्याच्या पोटात येतात, कुणी बाजूने, कुणी विरोधात.

तुमच्याच विषयातलं उदाहरण देतो. तुम्ही लिहिलं असेल: 'गाडगीळ यांनी १९४५ मध्ये पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी प्रसिद्ध केली. सोवनी, आपटे व पेंडसे यांनी १९५६ मध्ये पुण्याची फेरपाहणी प्रसिद्ध केली. ब्रह्मे व गोळे यांनी पुरानंतरच्या पुनर्वसनाचा अभ्यास केला.' तिन्ही वाक्यं खरी, आणि तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले अनोळखी लोक. आता हेच असं बघा: 'पुरापूर्वीचं पुणे आपल्याला कळतं ते मुख्यतः पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या पाहण्यांमधून. पहिल्या पाहणीची माहिती १९३६-३७ मध्ये गोळा झाली, तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये निघाले. १९५६ च्या फेरपाहणीचा भर शहरातल्या रोजगाराचं आणि मिळकतीचं चित्र कसं बदललं यावर आहे. दोन्ही पाहण्या पुराच्या आधीच्या, त्यामुळे विस्थापन हा प्रश्न त्यांच्यापुढे असण्याचं कारणच नव्हतं. तो पुढे आणला तो त्याच संस्थेतून झालेल्या ब्रह्मे आणि गोळे यांच्या अभ्यासाने.' माणसं तीच आहेत, पण आता त्यांच्यातून एक वाट जाते आणि ती तुमच्या दारापर्यंत येते.

यात एक खाच आहे ती लक्षात ठेवा. गाडगिळांच्या पाहणीचा पहिला भाग १९४५ चा, माहिती मात्र दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची. 'पंचेचाळीस साली पुण्यात अशी स्थिती होती' असं त्या पुस्तकाच्या आधाराने लिहिलंत तर आठ-नऊ वर्षांची चूक झाली. सालवारीने लावलेल्या यादीत हे कधीच दिसत नाही, कारण तिथे साल छापण्याचं असतं.

म्हणून आता लिहिणं थांबवा आणि तक्ता करा. मी कार्डांवर करायचो, तुम्ही वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये करा. एका ओळीला एक नोंद. रकाने साधारण असे: कोणी लिहिलं, छापलं कधी, माहिती गोळा केली कधी, शहराचा कोणता भाग, माहिती कोणी दिली, पद्धत काय, मुख्य म्हणणं तुमच्या शब्दांत दोन ओळींत, आणि शेवटी 'मला काय पटलं नाही'. हा शेवटचा रकाना लोक रिकामा ठेवतात. तो भरेपर्यंत आढावा लिहायला बसायचं नाही. तक्ता झाला की आडवा वाचू नका, उभा वाचा. एकेक रकाना वरून खाली. आडवं वाचलं की माणसं दिसतात, उभं वाचलं की मुद्दे दिसतात. जुळारीबाईंनी सांगितलेले 'हेडिंग २' तिथून येतील.

'तुमच्या शब्दांत' यावर जोर आहे. तक्त्यात मूळ वाक्यं उतरवून ठेवली की सहा महिन्यांनी आपली कोणती आणि त्यांची कोणती हे कळत नाही, आणि साम्य तपासणीत, म्हणजे उचलेगिरी शोधणाऱ्या तपासणीत, अडकायला होतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांच्या वर साम्य गेलं की पुढची पायरी सुरू होते. हुबेहूब वाक्य उतरवायचंच असेल तर अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक त्याच क्षणी.

शोधण्याबद्दल थोडं. तुमचा शोध 'पुणे' या इंग्रजी स्पेलिंगवर बेतलेला असेल तर साठच्या दशकातलं निम्मं लिखाण तुमच्या हाती लागलंच नसेल. तेव्हाचं इंग्रजी लिखाण 'पूना' आहे, दोन 'ओ' घालून. खडकवासल्याची स्पेलिंगं तीन-चार तऱ्हांची, सगळी घालून बघा. पानशेत धरणाचं दुसरं नाव तानाजीसागर, तेही घाला. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, शीर्षकाने शोधून भागत नाही. मराठी प्रबंध अनेकदा नुसते स्कॅन करून चढवलेले असतात, त्यातला शब्द यंत्राला सापडत नाही. विद्यापीठ, विभाग, वर्ष असं उतरत जा आणि शीर्षकं डोळ्यांनी चाळा. कंटाळवाणं आहे, आम्ही कपाटाचे खण असेच चाळायचो. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' १९६६ पासूनचा, त्याआधी तो 'इकॉनॉमिक वीकली' नावाने निघायचा. तुमचा पूर १९६१ चा, म्हणजे त्या जुन्या नावाखाली बघायला हवं. शं. ग. दात्यांची मराठी पुस्तकांची ग्रंथसूची १९५० पर्यंतचीच, ती पुराआधीच्या शहराला उपयोगी, पुढे नाही.

आणि गोखले संस्थेच्या गाडगीळ ग्रंथालयात एकदा प्रत्यक्ष जा. ब्रह्मे-गोळ्यांच्या पुस्तकाच्या शेवटची संदर्भांची पानं वाचा, तिथून मागे जा, त्यांच्या मागच्यांच्या मागे जा. तीच तीच नावं परत येऊ लागली की शोध पुरे झाला असं समजायचं. पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय तुमचं घरचंच आहे, ते सांगत नाही.

संदर्भ ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर चांगलं आहे आणि फुकट आहे. फक्त जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतो, त्यामुळे क्रमांक टाकला आणि माहिती आली असं होणार नाही. हाताने भरावं लागेल.

शनिपारचा_बाक

कार्डकपाट साहेब, हे सगळं मला पस्तीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर माझं एम.फिल. झालं असतं.

जुळारी

झोटेरोबद्दल एक पुस्ती. मराठी यादीत ते मध्येच 'एट अल.' आणि इंग्रजी 'अँड'ची खूण टाकतं, कारण शैलीची भाषा इंग्रजी असते. त्यामुळे मराठी आणि इंग्रजी संदर्भांच्या याद्या वेगळ्या ठेवा. प्रबंध पूर्ण झाल्यावर, मॅडमचा शेवटचा होकार आल्यावर, एक प्रत काढून तिच्यातली झोटेरोची जोडणी तोडा आणि मग हाताने 'आणि इतर' करा. मूळ फाइल तशीच ठेवा. आधी हाताने दुरुस्त केलंत तर पुढच्या रिफ्रेशला सगळं पुसलं जातं. हे मी स्वतःच्या हाताने दोन रात्री भोगलंय.

मुठाकाठ

तीन आठवड्यांनी परत आले.

'यांनी' शोधलं. चौऱ्याण्णव! एकोणचाळीस परिच्छेद त्यानेच सुरू होत होते. मोजताना नवरा शेजारी उभा होता, त्याला हसू आवरेना.

कात्रणं आणि अहवाल काढले. 'पूना'ने शोधल्यावर सहा नवीन लेख सापडले, त्यातले दोन कामाचे. गाडगीळ ग्रंथालयात दोन शनिवार गेले. आता तक्त्यात चौतीस ओळी आहेत.

कार्डकपाट काका, तुम्ही म्हणालात तसा उभा वाचला. 'शहराचा कोणता भाग' या रकान्यात काही विशेष निघालं नाही. 'मला काय पटलं नाही' हा रकाना भरताना घाम फुटला. मोठ्या लोकांच्या नावापुढे आपण काय लिहायचं असं वाटत राहतं. पण 'माहिती कोणी दिली' हा रकाना वाचत खाली आले आणि थांबले. जिथे जिथे घरोघर जाऊन प्रश्न विचारले आहेत, अशा अकरा नोंदी. अकरापैकी नऊंमध्ये मी स्वतःच्याच अक्षरात लिहिलं होतं 'कुटुंबप्रमुख'. एकेक वाचताना हे लक्षातच आलं नव्हतं. एका खाली एक नऊ वेळा आल्यावर आलं.

आई स्वयंपाकघरात होती. तिला विचारलं, गोखलेनगरला आल्यावर कुणी चौकशीला आलं होतं का गं? म्हणाली, 'आले होते ना. दादांशी बोलले. आई आत चहा करत होती.' आजी जाऊन आता अठरा वर्षं झाली. घर कसं बसवलं, कुणाकडून काय उसनं आणलं, नळावर कुणाशी कसं जमवून घेतलं, हे तिला ठाऊक होतं, आणि ती आत चहा करत होती.

मॅडमना तक्ता दाखवला. पहिल्यांदाच त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हा पोटमथळा करा आणि बाकीचे याच्या भोवती लावा. आता प्रकरणात चार पोटमथळे आहेत, हेडिंग २ मध्ये. नेव्हिगेशनच्या पट्टीत ते धरून वर-खाली ओढले की सगळा मजकूर सोबत जातो हे मला आधी कुणी का सांगितलं नाही? काल दिवसभर नुसतं ओढाओढी करून क्रम लावला.

आता एकच अडचण. तक्ता परिशिष्टात द्यायचा आहे. आठ रकाने उभ्या पानावर मावत नाहीत, शब्द एकेका अक्षरात मोडतात. पान आडवं केलं तर अख्खा प्रबंध आडवा होतो.

जुळारी

आजीचं वाचून मशीन थांबवलं दोन मिनिटं.

आडव्या पानाचं: तक्त्याच्या आधी एक सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज, आणि तक्ता संपल्यावर लगेच दुसरा. मग कर्सर तक्त्यात ठेवून 'लेआउट', 'ओरिएंटेशन', 'लँडस्केप'. तेवढाच तुकडा आडवा होईल. तक्त्याची पहिली ओळ निवडून 'रिपीट हेडर रोज' करा, म्हणजे रकान्यांची नावं प्रत्येक पानावर येतील. आणि ओळीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस'ची खूण काढा, नाहीतर एक नोंद दोन पानांत चिरली जाईल.

पान क्रमांक आडव्या पानावर भलतीकडे जातो, तो बघून घ्या. बांधणीवाल्याला आधीच सांगा की मध्ये आडवी पानं आहेत, आणि डावीकडचा समास दीड इंच सोडा.

मुठाकाठ

झालं. चार पानांत बसला. समास सोडला.